कच्चं लिंबू नको

फार पूर्वी, एका टेबलावर अंथरलेल्या आकाशात, शनी बुद्रुकचे लाकडी राक्षस आणि मंगळ खुर्दच्या इवल्या मुंग्या लढाई खेळत. दोन्हीकडे भिडू मोजून सारखेच असत, त्यामुळे राक्षसांनी एक धक्का दिला की डाव संपे.

थोरल्या राक्षसाला वाईट वाटलं. तो म्हणाला, "पोरींनो, तुम्ही कच्चं लिंबू. पडलात तरी बाद धरणार नाही."

"लिंबू नको, दादा," धाकटी मुंगी म्हणाली. "तुमच्या एकाला आमच्या दहाजणी घ्या. मग खुशाल बाद करा."

तसंच ठरलं. डाव संध्याकाळपर्यंत रंगला आणि शेवटी थोरला राक्षसच आडवा झाला. पडल्या पडल्या तो हसला.

"आजवर मी नुसता जिंकत होतो गं. खेळलो मात्र आज."