भुरीचा प्रश्न

घाटमाथ्यावरच्या एका गावात मोटारीला बंदी होती आणि सगळं सामान खेचरांच्या पाठीवरून वर जायचं, तेव्हाची ही हकिकत. एके दिवशी खेचरांच्या मालकाने खास परवानगी काढून विजेवर चालणारी गाडी आणली.

सारंग घोड्याने लगेच सभा बोलावली. तो फक्त वरातीत नवरदेवाला मिरवायचा. ओझं त्याने कधी वाहिलं नव्हतं. "ही गाडी जिथून जाईल तिथलं गवत जळेल," तो गरजला. "उद्या रस्ता अडवा!"

खेचरं घाबरली आणि सकाळी घाटात आडवी उभी राहिली. सिमेंटच्या गोण्या भरलेली गाडी थांबली. "मला पाठवलं म्हणून मी आले," एवढंच ती म्हणाली. दुपारी मालकाने वैतागून त्याच गोण्या खेचरांच्या पाठीवर चढवल्या.

"जिंकलो!" सारंग खिंकाळला.

खेचरांतली सर्वांत म्हातारी भुरी दोन गोण्यांखाली लटपटत होती. "सारंगराव, जिंकलो ना? मग यातली एक गोण तुम्ही घ्या."

"मी पुढारी आहे, भुरीबाई."

संध्याकाळी ओझं उतरल्यावर भुरी बाकीच्यांना म्हणाली, "गोण्या गाडीने नेल्या तर माझ्या पाठीला बरंच वाटेल. पण मग आपल्याला वैरण कोण घालणार? हे सभेत कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सगळी खेचरं मालकाच्या दारात जाऊन उभी राहिली. गाडी गोण्या घेऊन शेजारून निघून गेली. कुणी तिला अडवलं नाही. मालकाने खेचरांना हाकलून पाहिलं. ती हलेनात, तेव्हा तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "बोला."