गजराज यादीत नाही!

“हे यंत्र आमच्या यादीत नाही!”

पडद्यावर तिसऱ्यांदा तीच ओळ उमटली आणि मोरणगडच्या उदयभान महाराजांचा पारा चढला.

“आमचा गजराज यादीत नाही? अख्ख्या पृथ्वीवर असा दुसरा कॉम्प्युटर नाही!”

“तीच तर अडचण आहे, महाराज,” प्रधानजी पुटपुटले.

महाराजांनी दरबारी कारागिरांकडून गजराज खास घडवून घेतला होता, चांदीच्या पत्र्याचा, सोंडेसकट! कालव्याची दारं उघडणारा त्याच्यातला जुना प्रोग्रॅम बंद पडला होता आणि नव्याला आधी लायब्रऱ्या हव्या होत्या. प्रधानजींनी चार गाड्या पोथ्या आणून कॉम्प्युटरशेजारी रचल्या. तरी काही होईना! शेवटी शहरातून आलेल्या तज्ज्ञानं कपाळाला हात लावला. “अहो, लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमच्या हाताखालची मदतनीस मंडळी! ती अनोळखी यंत्रात पाऊल टाकत नाहीत. दुसरं यंत्र घ्या.”

महाराजांनी त्याला वाटेला लावलं आणि दवंडी पिटवली. गजराज बदलायचा नाही, त्याचा एक स्क्रूही हलवायचा नाही. कुणाला जमलं तर ठीक, नाहीतर कालवा बंद!

शेतांना पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकरी धोंडजीची लेक भिवरा ते ऐकून तडक राजवाड्यावर आली. पाटाच्या शेपटाकडचा, अगदी टोकाच्या रानातला भुईमूग माना टाकत होता. तिला दम कुठला निघायला!

“तुला काय येतं गं?” प्रधानजी हसले.

“वाचता येतं, प्रधानजी. पोथ्या नाही, पडद्यावरचं.”

ती बसली आणि ओळ न् ओळ वाचत गेली. वाचता वाचता गालात हसली. मग चार अक्षरं टाइप केली. पडद्यावर ओळी भराभर धावू लागल्या, आणि थोड्याच वेळात खाली कालव्यावरून आरोळी आली, “पाणी आलं! पाणी आलं!”

महाराज खूश झाले. “केलंस तरी काय?”

“लायब्रऱ्या बसवणारा प्रोग्रॅम नुसतं नाव विचारत होता, महाराज. आत डोकावतच नव्हता. पडद्यावर वाचलं तर गजराजाच्या पोटात सगळे भाग बाजारातल्या साध्या ‘चिमणी’ कॉम्प्युटरचेच आहेत, आणि चिमणी यादीत आहे. मग मी शिकवल्यावर गजराजानं सांगितलं, ‘मी चिमणी!’”

“काय? आमचा गजराज चिमणी? वर त्याला खोटं बोलायला लावलंस? शिपाई!”

शिपाई पुढे सरसावले. पण भिवराची जीभ काही डगमगली नाही.

“एक विचारू, महाराज? परवा बाजारात आपण घोंगडं पांघरून फिरत होतात. वांगीवालीनं नाव विचारलं, तेव्हा काय सांगितलंत?”

महाराज चपापले. “ते… गणू तेली.”

“म्हणजे महाराज खोटं बोलले?”

“मुळीच नाही! राज्याच्या कामासाठी केलेलं वेषांतर होतं ते!”

“मग गजराजानंही राज्याच्या कामासाठी वेषांतरच केलं की! आणि त्याला कुणी ओळखलं नाही हो. आपल्या पायांत मात्र जरीचे जोडे तसेच राहिले होते!”

महाराजांनी पायांकडे पाहिलं, भिवराकडे पाहिलं आणि असे गदगदून हसले की मुकुट कानावर आला.

“प्रधानजी, आजपासून कालवा आणि गजराज दोन्ही हिच्या हवाली! पाण्याची पहिली पाळी शेपटाकडच्या रानांना! आणि हो, पुढच्या बाजारी निघण्याआधी आमचा वेषही हिलाच तपासू द्या!”