बॉलमागं कोण होतं

"मग या हातांचं करायचं काय, सर?"

धैर्यशील यादवने दोन्ही पंजे पुढे धरले. मोठे पंजे. एकेका पंजात अख्खा बास्केटबॉल मावावा असे.

मगदूम सरांनी मान वर केली नाही. ओसरीतल्या खुर्चीत बसून ते रिंगची जाळी विणत होते. नायलॉनच्या पांढऱ्या दोरीची एक गाठ, थोडी ओढ, मग दुसरी गाठ.

"खिशात घाल."

"घातले होते. बाहेर आले."

"मग बिनखिशाची पँट शिव."

"सर, मी थट्टेला आलेलो नाही. पहाटे पुण्याहून निघालोय. एकट्याने गाडी चालवत."

"दमला असशील. बस की."

धैर्यशील बसला. ओसरीत दुसरी खुर्ची नव्हती, एक बुटकं स्टूल होतं. सहा फूट पाच इंचांचा माणूस त्यावर बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीशी आले. डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेच्या दोन खुणा होत्या, एकमेकींना छेद देणाऱ्या.

हा गुडघा सांगलीतल्या सगळ्यांना माहीत होता. याच गल्लीच्या टोकाला असलेल्या मुरमाच्या मैदानावर तो पहिल्यांदा फुटला, तेव्हा धैर्यशील तेरा वर्षांचा होता आणि मगदूम सर शाळेत पीटी शिकवत होते. तिथून तो राज्याच्या संघात गेला, मग रेल्वेत, मग देशाच्या. अकरा वर्षं खेळला. तो बॉल घेऊन निघाला की समोरचे लोक आपोआप दोन पावलं मागे सरतात, असं पेपरवाले लिहायचे. धैर्यशीलला ते पाठ होतं.

गुडघ्याने दुसऱ्यांदा दगा दिल्यावर त्याने प्रशिक्षकाचा कोर्स केला. तिथेही पहिला आला. यंदा नव्या व्यावसायिक लीगमध्ये पुण्याच्या संघाने त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून घेतलं. ब्लेझर शिवला. मोठ्या फलकावर फोटो लागला. फलकावर खेळाडू मागे होते आणि तो पुढे.

आणि गेल्या शनिवारी तो प्रकार झाला.

"सोमवारी मालकांची मीटिंग आहे," धैर्यशील म्हणाला. "मला ठेवायचं की काढायचं, ते ठरणार. म्हणतात, खेळाडू म्हणून मोठा होता, पण याला शिकवायला येत नाही."

"कोण म्हणतात?"

"सगळेच."

"तू काय म्हणतोस?"

"माझं म्हणणं एवढंच की मला सगळं येतं. फक्त हात आवरत नाहीत."

सरांनी एक गाठ मारली.

आतून सुलोचनाकाकू चहा आणि भडंगाची ताटली घेऊन आल्या. धैर्यशील स्टुलावरून उठून वाकायला गेला, तसं त्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं.

"राहू दे, गुडघा आहे. बरा आहेस ना? तो तुझा व्हिडिओ आमच्या भिशीच्या ग्रुपवरपण आला होता हो. कुणीतरी गाणं लावलंय त्याला."

"काकू..."

"मी नाही पुढं पाठवला. दोघींनाच पाठवला." आणि त्या आत गेल्या.

सरांनी चहा बशीत ओतला. "हां. सांग आता. काय झालं?"

"तुम्ही पाहिलं नाही?"

"पाहिलं. तू सांग."

धैर्यशीलला ते सांगता येत होतं. डोळे मिटूनही आलं असतं. आठ दिवस तो दुसरं काही करतच नव्हता.

"एकाहत्तर-सत्तर. आपण एका गुणाने पुढे. अकरा सेकंद उरलेली. बॉल त्यांच्याकडे. त्यांच्या गार्डने उजवीकडे पास टाकला, जरा आखूड पडला. मधे कुणाची तरी बोटं लागली आणि बॉल वळला. सरळ माझ्याकडे. छातीच्या उंचीवर, उलटा फिरत. रेषेबाहेर जायला अजून हातभर होता, सर. मी रेषेपाशी उभा. आणि..."

तो थांबला.

"आणि मी धरला."

"चांगला धरलास."

"सर!"

"चांगला धरलास, असं आमची ही म्हणाली. दोन्ही हातांनी."

धैर्यशीलची खरी लाज पुढेच होती. बॉल हातात आल्या आल्या त्याचे गुडघे वाकले होते, खांदे रिंगकडे वळले होते. ब्लेझर घातलेला मुख्य प्रशिक्षक चालू सामन्यात शूट मारायच्या बेतात उभा. पंचाची शिट्टी तेव्हा वाजली. ते गाणं लावणाऱ्याने नेमकं तिथेच चित्र गोठवलं होतं.

प्रशिक्षकाने चालू खेळात बॉलला हात लावला, म्हणून फाउल. समोरच्यांना एक फ्री थ्रो मिळाला, बरोबरी झाली. वर बॉलही परत त्यांनाच. शेवटच्या सेकंदाला त्यांनी बास्केट केली. त्र्याहत्तर-एकाहत्तर.

"तुमचे कधी गेले नाहीत?" धैर्यशीलने विचारलं. "हात. चाळीस वर्षं रेषेबाहेर काढलीत तुम्ही. कधी बॉलकडे गेले नाहीत?"

"गेले की. रोज जायचे."

"मग?"

"मग काय. तुझे आधी पोचायचे."

धैर्यशीलच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. त्याला ते आपलं कौतुक वाटलं. त्याने भडंगाचा बकाणा भरला.

सर जाळीचा पीळ सरळ करत होते.

"धावत कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"कुठे?"

"बॉलमागं."

"मागे... आपलाच कुणीतरी असेल."

"कुणीतरी."

"तेव्हा बघायला वेळ कुठे होता, सर? अकरा सेकंद!"

"तेव्हाचं सोड. आता आठ दिवस झाले."

धैर्यशीलने भडंग गिळलं. त्याला बॉल कसा फिरत होता ते आठवत होतं. गार्डच्या मनगटावरची निळी पट्टी आठवत होती. घड्याळातला लाल आकडासुद्धा. बॉलमागे मात्र...

"व्हिडिओ आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "संघाच्या कॅमेऱ्याचा. पूर्ण. तो गाण्याचा नव्हे."

"किती वेळा पाहिलास?"

"मोजलं नाही."

"लाव."

धैर्यशीलने फोन काढला. व्हिडिओ शोधावा लागला नाही, तो वरच होता. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि फोन हातात घेऊन नाकाजवळ धरला. सतरा सेकंदांचा तुकडा. पास, बोटं, बॉल, ब्लेझर, शिट्टी.

"तू कुठं बघतोस यात?"

"माझ्याकडे. म्हणजे माझ्या पायाकडे. पाय कधी हलला ते..."

"होय."

सरांनी व्हिडिओ पुन्हा सुरुवातीला नेला. आणि जिथे धैर्यशील उभा होता, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, तिथे आपला अंगठा ठेवला. जाड अंगठा. दोरीने त्यावर लाल वळ उठले होते. ब्लेझर, पंजे, वाकलेले गुडघे, सगळं त्याखाली गेलं.

"आता बघ."

धैर्यशील वाकला.

पास आला. आखूड पडला. आपल्याच संघाच्या निळ्या जर्सीतल्या एका पोराने हात लांबवला आणि त्याची बोटं लागली. नऊ नंबर. बॉल वळला, तसा तोही वळला. एका पायावर, जागच्या जागी, जसं शंभरात एखाद्याला जमतं. आणि निघाला. तीन ढांगा. त्याच्यापुढे कुणी नव्हतं, सगळं मैदान मोकळं होतं. चौथ्या ढांगेला त्याने हात पसरला...

आणि मग त्याला अंगठ्याखालचं काहीतरी दिसलं. त्याने अंग चोरलं. टाच मुरडली. तो अंगठ्याच्या कडेशी पडला.

शिट्टी वाजली. तो पडूनच होता. अंगठ्याखालून एक काळा बूट बाहेर आला, त्याच्या अंगावरून पलीकडे पडला, आणि पंचाच्या दिशेने निघून गेला.

व्हिडिओ संपला.

"परत," धैर्यशील म्हणाला.

सरांनी परत लावला. अंगठा जागचा हलवला नाही.

तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर धैर्यशील ताठ बसला. स्टूल करकरलं.

"मी ओलांडून गेलो त्याला."

सरांनी फोन त्याच्या हातात दिला.

"तो माझ्या पायाशी पडला होता, आणि मी त्याला ओलांडून पंचाशी भांडायला गेलो."

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज वळणापलीकडे गेला.

"नाव काय त्याचं?"

"कुजूर. बिपिन कुजूर. छत्तीसगडचा आहे. एकवीस वर्षांचा. फार बोलत नाही... मंगळवारपासून प्रॅक्टिसला नाही. फिजिओने लिहून दिलंय, घोटा मुरगळला म्हणून."

"कसा मुरगळला?"

धैर्यशीलने फोनकडे पाहिलं. पडदा काळा झाला होता.

"मी विचारलं नाही," तो म्हणाला.

सरांनी जाळी पुन्हा मांडीवर ओढली. दोरीचं टोक दाताखाली धरून ते गाठ आवळू लागले. याला काही सांगायचं आहे, असं त्यांच्या तोंडावर कुठेही दिसत नव्हतं.

धैर्यशील मात्र वाट बघत राहिला. साडेतीन तासांचा रस्ता, मधे एका ठिकाणी गाडी थांबवून घातलेलं पेट्रोल, सरांसाठी आणलेला पेढ्यांचा बॉक्स... त्याला एखादं वाक्य हवं होतं. सोमवारी मीटिंगमध्ये टाकता येईल असं.

"सोमवारी मी काय सांगू, सर?"

"कुणाला?"

"मालकांना."

"ते काय विचारतात त्यावर आहे."

"ते हेच विचारणार. पुन्हा असं होणार नाही कशावरून?"

"होईल की."

"सर, असं कसं सांगू? घालवतील मला. या वयात मला दुसरं काय येतं? नोकरी सोडलीय, घर पुण्याला हलवलंय. बायको तिथल्या शाळेत लागलीय. खेळणं संपलं. हेपण गेलं तर मी..."

त्याचे पंजे मांडीवर उताणे पडले होते, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

सर दाताखालच्या दोरीमुळे अर्धवटच बोलले. "पोचला असता का तो?"

"कोण?"

सरांनी हनुवटीने फोनकडे खूण केली.

"कुजूर?" धैर्यशील विचारात पडला. खोटं बोलता येण्यासारखी ही जागा नव्हती. "तीन ढांगांत... पोचला असता. मला वाटतं पोचला असता. पण कसं सांगू? मी मधे आलो. आता कुणालाच कळणार नाही."

"त्याला माहीत असेल."

धैर्यशील उठला. ओसरीच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. कुजूरचा नंबर फोनमध्ये होता, पण नावाने नव्हता. 'नऊ' या आकड्याखाली होता. त्याने तो लावला. फोन दोनदा वाजला.

"जी कोच."

"बिपिन... पैर कैसा है?"

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. असा प्रश्न ऐकायची सवय नसलेला माणूस आधी तो आपल्यालाच विचारलाय का हे बघतो, तेवढा वेळ.

"ठीक है कोच. सूजन कम है."

"वो लास्ट बॉल पर..." कोर्समध्ये यावर धडा नव्हता. "वो बॉल तेरा था."

"सॉरी कोच," कुजूर घाईने म्हणाला. "मेरी गलती थी. मैं लेट पहुँचा. आपको हाथ लगाना पड़ा."

"नहीं, तू..."

"रोज देख रहा हूँ कोच, वीडियो. पहला कदम स्लो है मेरा. पैर ठीक होते ही उसी पे काम करूँगा. आप मंडे को सर लोगों को बोल देना, गलती नौ नंबर की थी. मैं भी बोल दूँगा."

धैर्यशील काहीतरी म्हणाला. काय म्हणाला, ते त्याला नंतर आठवलं नाही. त्याने फोन खाली घेतला तेव्हा आतून काकूंनी खिडकीचा पडदा सोडल्याचं त्याला दिसलं.

तो परत आला, पण स्टुलावर बसला नाही. उभाच राहिला, एवढ्या उंचीचं काय करावं हे न कळल्यासारखा.

"तो माफी मागतोय, सर. माझी."

दोरी थांबली.

"आठ दिवस तोही तोच व्हिडिओ बघतोय. त्याला त्यात मी दिसतच नाही. स्वतःच दिसतो, मला मी दिसायचो तसा. म्हणतो, मी उशिरा पोचलो, म्हणून तुम्हाला हात घालावा लागला. त्याला खरंच तसं वाटतंय."

मगदूम सरांनी चष्मा काढला. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी धैर्यशीलकडे नीट पाहिलं. पंजांकडे नाही, चेहऱ्याकडे. बराच वेळ.

मग ते म्हणाले,

"म्हणजे शिकवायला येतंय की तुला."