सारजाची भिंत

ऐका मंडळी, लहानांनी ऐका आणि जाणत्यांनीही ऐका. कितीतरी पिढ्यांमागे एका घाटाच्या पायथ्याशी एक धर्मशाळा होती. खालच्या मुलखातून वरच्या मुलखात जाणारा प्रत्येक वाटसरू तिथं घटकाभर टेकायचा. धर्मशाळेच्या अंगणाला चुना दिलेली एक लांबलचक भिंत होती.

तिथं सारजा नावाची मुलगी राहायची. तिचा बाप वाटाड्या होता. तो गेला तेव्हा पोरीसाठी ना घर ठेवून गेला, ना शेत. घाटातली प्रत्येक वाट मात्र तो तिला दाखवून गेला होता. सारजा धर्मशाळेत झाडलोट करायची आणि पंगतीत उरेल ते खायची. मुक्कामाला राहिलेल्या एका पंतोजींनी तिला अक्षरं शिकवली होती.

एके सकाळी तिनं चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर लिहिलं : 'वरच्या टाक्याचं पाणी आटलंय. खालच्या झऱ्यावरच भरून घ्या.'

कुणी वाचलं नाही. लोक भिंतीला पाठ टेकून बसले आणि अक्षरं सदऱ्यांवर घेऊन निघून गेले. सारजानं पुन्हा लिहिलं. ते पुन्हा पुसलं गेलं. धर्मशाळेचा राखणदार हसून म्हणायचा, "कुणासाठी लिहितेस गं?" ती म्हणायची, "येईल कुणीतरी."

आणि एक माणूस आला. रखमाजी त्याचं नाव. बैलांवर मीठ लादून तो घाट चढायचा. त्यानं भिंतीपाशी थांबून विचारलं, "पोरी, काय लिहिलंयस? मला वाचता येत नाही. तूच वाच."

तिनं वाचून दाखवलं : 'जांभळीच्या खिंडीत आग्या मोहोळ बसलंय. चिलीम पेटवू नका.'

रखमाजीनं चिलीम कमरेला खोचली आणि तो सुखरूप पार झाला. त्याच्या मागून आलेल्या तांड्यानं खिंडीत चिलमी पेटवल्या. माश्यांनी माणसं अशी फोडून काढली, की काहींना झोळीत घालून खाली आणावं लागलं. परतीच्या वाटेवर रखमाजी भेटेल त्याला सांगत आला, "बाबांनो, आधी सारजाची भिंत वाचा, मग घाट चढा."

तेव्हापासून तशी रीतच पडली. लोक भिंतीपुढं गर्दी करायचे. ज्याला वाचता यायचं तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. "देव तुझं भलं करो," असं म्हणायचे आणि चढणीला लागायचे. सारजाच्या हातात मात्र काहीच पडायचं नाही. आशीर्वादानं चूल पेटत नाही, हे तिला लवकरच कळलं.

घाटावर जायला दोन वाटा होत्या. एक लांबची, डोंगराला वळसा घालून जाणारी. दुसरी जवळची, ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून पलीकडं नेणारी. साकव ओलांडला की एक सराई लागायची. त्या सराईचा मालक एक दिवस भिंत बघायला आला.

"भिंत चांगली चालते गं तुझी," तो म्हणाला. "काय मिळतं तुला?"

"लोक दुवा देतात."

"दुवा शिजवून खातेस की भाजून?"

सारजा पुन्हा भिंतीकडं वळली. मालक म्हणाला, "माझ्या सराईचं नाव लिही. 'सारजानं पाठवलं' असं सांगत जो येईल, त्याच्यामागं तुला एक पैसा."

"पण तुमच्याकडं जेवण कसं असतं?"

"ये, जेवून बघ."

सारजा गेली. गरम भाकरी, लसणाची चटणी आणि वर सायीचं दही. जेवण खरंच चांगलं होतं, म्हणून तिनं तसंच लिहिलं. इथवर काहीही वाईट घडलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

पैसे येऊ लागले. सारजानं नवं लुगडं घेतलं. धर्मशाळेमागं स्वतःचं घर उभारायला घेतलं.

मग मालक पुन्हा आला. "माझं नाव लिहितेस आणि खाली 'साकव जपून ओलांडा' असंही लिहितेस. लोक घाबरून लांबच्या वाटेनं जातात."

"मालक, साकवाची खालची लाकडं वाळवीनं पोखरलीत. मी खाली उतरून बघितलंय."

"सुगी झाली की नवा घालतो. तोवर ते वाक्य नको. खोटं लिही असं कुठं म्हणतोय मी? फक्त लिहू नकोस."

सारजानं ते वाक्य पुसलं. काही दिवसांनी मालक म्हणाला, "आता 'जवळची वाट, सोपी वाट' एवढं लिही. माणसामागं दोन पैसे देतो."

तिनं लिहिलं. लिहिताना तिचा हात थरथरला असेल, असं तुम्हांला वाटेल. नाही थरथरला. तिच्या डोळ्यांपुढं त्या वेळी घरावर घालायची कौलं होती.

थोड्याच दिवसांत रखमाजी आला. सोबत त्याची सून होती. कुणीतरी भिंत वाचून दाखवली, तेव्हा तो सारजाकडं आला.

"पोरी, मी आपला कायम लांबच्या वाटेनं जातो. पण सुनेचे पाय सुजलेत. ही जवळची वाट धड आहे ना?"

भोवती बरेच वाटसरू उभे होते. 'नाही' म्हणावं, तर भिंत सगळ्यांदेखत खोटी ठरणार होती. सारजा म्हणाली, "धड आहे, बाबा."

"मग झालं तर," रखमाजी म्हणाला. "भिंत एक वेळ चुकेल, पण तू नाही चुकायचीस."

साकवाच्या मधोमध फळी मोडली. बैल खाली गेला. सुनेनं दावं हाताला गुंडाळून घेतलं होतं. बैलापाठोपाठ तीही गेली.

दुसऱ्या दिवशी रखमाजी परत आला. तो ओरडला नाही, त्यानं शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

सारजाला मान वर करवेना.

"मला वाचता येत नाही," रखमाजी म्हणाला. "म्हणून तर तुला तोंडानं विचारलं होतं." आणि तो निघून गेला.

सारजानं सगळी भिंत पुसली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं : 'साकवावरून जाऊ नका. खालून कुजलाय. बाई मेली आहे.'

मालकानं तोवर मोडलेल्या जागी नव्या फळ्या टाकून वर माती पसरली होती. सारजानं काय लिहिलंय हे त्याच्या कानावर आलं, पण तो रागावलादेखील नाही. सराईत बसलेल्यांना हसत हसत म्हणाला, "लांबच्या वाटेवर नवी खाणावळ निघालीय ना! त्यांनी जास्त दिले असतील."

ही गोष्ट भिंतीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. वाटसरू वाचायचे आणि डोळे मिचकावायचे. "काय गं, काल सोपी होती ती वाट आज मोडकी झाली? किती मिळाले?"

"कुणी काही दिलं नाही हो!"

"मग तू लिहिलंच नसतंस," ते म्हणायचे आणि साकवाच्या वाटेला लागायचे.

शेवटी सारजा स्वतः जाऊन साकवाच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली. समोरून एक वऱ्हाड आलं. पुढं वाजंत्री, मागं बायका आणि मुलं. वरबापानं तिला ओळखलं आणि कनवटीचा पैसा काढून तिच्या पायांपाशी टाकला.

"हे घे आणि हो बाजूला."

"पैसा नको मला!" सारजानं त्याचे पाय धरले. "एकदा खाली उतरून बघा. लाकडं बघा, मग हवं तर मला मारा."

"मुहूर्त टळतोय," तो म्हणाला. दोघा गड्यांनी तिला उचलून बाजूला केलं.

वाजंत्रीवाले पलीकडं पोचले. मागून येणारी बायकांची गाणी थांबली म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर साकवही नव्हता आणि साकवावरची माणसंही नव्हती.

राजाची माणसं आली. मालकाला दंड झाला. तो त्यानं भरला आणि ओढ्यावर दगडी पूल बांधून त्यावर स्वतःचं नाव कोरलं. सराई पहिल्यापेक्षा जोरात चालू लागली. लिहायला त्यानं दुसरं माणूस ठेवलं.

सारजा पुढं कितीतरी वर्षं जगली. रोज घाट हिंडायची, जे दिसेल तेच लिहायची, एका अक्षराचंही खोटं नाही. लोक भिंतीपुढं थांबायचे, वाचायचे, 'हे कुणी लिहायला लावलं असेल' म्हणून हसायचे आणि तिनं नको म्हटलेल्या वाटेनंच पुढं जायचे. रखमाजी त्या घाटात पुन्हा कधी आला नाही.

तात्पर्य : एकदा विकलेल्या शब्दानं पुढं खरं सांगितलं, तरी लोक त्याची किंमतच विचारतात.