कुलूप दिसलं की आत जा

एका गावात मुकिंदा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हा गावाचा शब्द. त्याची बायको अनसूया वेगळा शब्द वापरायची, पण तो इथे लिहिता येत नाही. सांगितलेलं तंतोतंत करायचं, ही मुकिंदाची खोड. "दुधावर लक्ष ठेवा" म्हटलं, की दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत तो एकटक बघत बसायचा. शेवटी अनसूया कंटाळून माहेरी निघून गेली. तिच्या वडिलांनी निरोप धाडला, "जावयानं शहाण्या माणसासारखं यावं आणि लेकीला न्यावं. नाहीतर ती आमच्याकडंच राहील."

मुकिंदाचा जीव खालीवर झाला. अनसूयेशिवाय घर खायला उठत होतं. तो तडक चुलतभावाकडे, श्रीपतीकडे गेला. श्रीपतीचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. गाडीची तिकिटं तिथेच निघायची.

श्रीपतीने एका गाडीवाल्याची साइट उघडली. पडदा लाल झाला. वर लिहून आलं : धोका आहे, पुढे जाऊ नका.

"आता रं दादा?"

"थांब. आधी आपलं घड्याळ बघायचं. ते चुकलं असलं, तरी पडदा लाल होतो." श्रीपतीने कोपऱ्यातली तारीख-वेळ पाहिली. "आपलं बरोबर आहे. म्हंजे ह्यांच्याच दाखल्याची मुदत संपली."

"कसला दाखला?"

"ही साइट खरंच ह्यांची आहे, असा दाखला असतो. मुदत संपली असली, तर बोलायचं नाय, चालायचं नाय. गुमान मागं फिरायचं."

त्याने दुसऱ्या गाडीवाल्याचं तिकीट काढून दिलं. मुकिंदाने धडा पाठ केला.

सासुरवाडीच्या स्टँडवर आजेसासरे काठी टेकत न्यायला आले होते. मुकिंदा पाया पडला. "बरं हाय का, आजोबा?"

म्हातारा हसला. "आमचं कसलं बरं, जावईबापू! आमची मुदत संपली आता."

मुकिंदा दचकला. त्याने आधी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग ते स्टँडवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. आपलं बरोबर होतं. तो एक शब्द न बोलता वळला आणि आल्या गाडीनेच परत गेला. म्हातारा आशीर्वादाचा हात वर धरून तसाच उभा राहिला.

"अरे, माणसाची मुदत बघतात व्हय?" श्रीपती ओरडला.

"मग काय बघतात?"

श्रीपती तिकीट काढायला बसला. पडदा पुन्हा लाल.

"हे बघ. आपण हाक मारली एकाला आणि दाखला निघाला भलत्याच्या नावाचा. नाव जुळायला पाहिजे. आणि वर हा दाखला त्यानं स्वतःच स्वतःला दिलाय. तसं चालत नाय. दुसऱ्या कुणी तरी सांगायला पाहिजे. त्या दुसऱ्याला त्याच्या वरच्यानं. अशी साखळी पार टोकाला जाते."

"टोकाला कोण असतं?"

"ज्याच्या वर कुणी नाय, तो."

मुकिंदाने हाही धडा पाठ केला आणि दुसऱ्यांदा सासुरवाडीला गेला. या वेळी नीट अंगणापर्यंत पोचला. सासूबाईंनी आत हाक मारली, "मंगल! अगं मंगल, मालक आले तुझे!"

हसत हसत अनसूया बाहेर आली. पिशवी भरून तयार होती. मुकिंदा दोन पावलं मागे सरला.

"ही कोण?"

"अहो, असं काय करताय? मी अनसूया!"

आता लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने हे नाव मुकिंदानेच लिहिलं होतं. पण माहेरी ती मंगल होती ती मंगलच राहिली. तसं सगळीकडे होतं.

"हाक मंगलला मारली," मुकिंदा म्हणाला, "आणि आली अनसूया. नाव जुळत नाय."

"अहो, मीच ती!"

"स्वतःचा दाखला स्वतः द्यायचा नसतो."

सासरे पुढे झाले. "मी सांगतो ना. माझीच लेक आहे ही."

"आणि तुमचं कोण सांगणार, मामा?"

सरपंचांना बोलावलं. सरपंचांचं कोण सांगणार, म्हणून तलाठ्याला बोलावलं. तलाठी नवा होता, त्याला कोणीच ओळखत नव्हतं. अर्धा गाव गोळा झाला. शेवटी सासरे वैतागून ओरडले, "अहो, आता वर फक्त म्हसोबा राहिला!"

"त्याच्या वर कोण?"

"कुणी नाही!"

मुकिंदाचा चेहरा उजळला. "मग झालं तर. त्याला सांगू द्या."

म्हसोबा म्हणजे शेंदूर लावलेला दगड. मुकिंदा त्याच्यापुढे दिवस मावळेपर्यंत उभा राहिला. म्हसोबा काही बोलला नाही. मुकिंदा परत गेला. इकडे अनसूयेने पिशवीतली लुगडी पुन्हा दांडीवर टाकली आणि पदर तोंडाला लावून रडली. इथे मला हसू येत नाही, म्हणून पुढे जातो.

सासऱ्यांचा निरोप आला : आता एकदाच. पुन्हा चुकला तर सोडचिठ्ठी.

श्रीपतीने कपाळावर हात मारला. "बाबा, तू काहीच तपासू नको. मुदत नको, नाव नको, साखळी नको. हे वर, साइटच्या नावाशेजारी बारकं कुलूप दिसतंय? कुलूप दिसलं की आत जायचं. कुलूप नसलं तर पाऊल टाकायचं नाय. एवढं जमंल?"

"जमंल की! सोप्पं हाय."

तिसऱ्यांदा सासुरवाडीने कंबर कसली होती. दाराला तोरण, पुरणाचा वास, दोन्ही दारं सताड उघडी. मुकिंदा उंबऱ्याशी थांबला. वर पाहिलं, खाली पाहिलं. कुलूप कुठेच नव्हतं.

"या की आत!" सगळे म्हणाले.

"नको," मुकिंदा म्हणाला. "तुम्ही पण बाहेर या. धोका हाय."

मग त्याचं लक्ष शेजारच्या घराकडे गेलं. शेजारी लग्नाला गेले होते. दाराला नारळाएवढं कुलूप. मुकिंदाला हायसं वाटलं. कुलूप तोडलं तर सुरक्षितपणा जाईल, एवढी अक्कल त्याला होती. म्हणून तो कौलं काढून आत उतरला आणि झोपाळ्यावर चहाची वाट बघत बसला.

चहाऐवजी हवालदार आला.

नदीकाठच्या चौकीत कोठडी होती. तिचं कुलूप तर कलिंगडाएवढं. हवालदाराने ढकलायच्या आधीच मुकिंदा पळत आत शिरला. "घर असावं तर असं," म्हणाला.

थोड्या वेळाने सासरे आणि अनसूया आली.

"हा तुमचा कोण?" हवालदाराने विचारलं.

सासरे म्हणाले, "कुणी नाही." अनसूयेने गजांतून त्याच्याकडे पाहिलं. तो तिला बघून लहान पोरासारखा हसत होता. तिचं मन विरघळलं. "माझा नवरा आहे," ती म्हणाली. "सोडा त्यांना. मी जाते त्यांच्याबरोबर घरी."

हवालदाराने कुलूप काढून किल्लीसकट कडीला अडकवलं. मुकिंदाने बोंब ठोकली. "कुलूप काढू नका! धोका हाय!" त्याने गज घट्ट धरले. हवालदार आत जाऊन त्याचा एक हात ओढू लागला. सासरे आत जाऊन दुसरा. ते जमेना, तेव्हा समजूत घालायला अनसूयाही पिशवी घेऊन आत गेली.

आपल्यापायी ही तीन माणसं उघड्या दारात उभी आहेत, हे बघून मुकिंदाला गहिवरून आलं. त्याने एक हिसडा देऊन हात सोडवला. दार आतून ओढून घेतलं. गजांतून हात घालून कुलूप कडीत अडकवलं आणि खट्कन दाबलं. किल्ली काढून घेतली आणि वाईट माणसाच्या हाती लागू नये म्हणून मागच्या झरोक्यातून थेट नदीत टाकली.

मग त्याने कपडे झटकले आणि बायकोची पिशवी काखोटीला मारली.

"आता कशाची भीती नाय," मुकिंदा म्हणाला. "चल अनसूया, घरी जाऊ."