धनेशाच्या झाडाचा पलंग

एका राज्यात आठ वर्षे कोणाचे लेकरू पाळण्याबाहेर निजले नव्हते. जे निजले, ते उठले नव्हते.

पहिला गेला राजपुत्र जयंत. राजा उग्रध्वजाने त्याच्यासाठी कोरीव पलंग करवला, सोन्याचा पत्रा चढवला, आणि तिसऱ्या वाढदिवशी त्याला पाळण्यातून उचलून त्यावर निजवले. सकाळी राणी केतकी उठवायला गेली, तर पोर थंड पडले होते. पुढल्या महिन्यात कोष्ट्याची मुलगी चटईवर निजली, ती गेली. मग कुंभाराचा मुलगा गेला. मग गावोगावी लोकांना कळून चुकले की पाळणा सोडून ज्या लेकराचा डोळा लागेल, ते लेकरू गेले.

लेकराचा डोळा कधी लागेल याचा काय नेम? म्हणून आयांनी लेकरांना पाळण्याबाहेर पाऊलच टाकू देणे सोडले. सुतार मोठाले पाळणे करू लागले. आठ-आठ वर्षांची मुले गुडघे पोटाशी घेऊन पडून राहात. त्यांच्या पाठी वाकल्या, पाय काटकुळे झाले. अंगणे ओस पडली. साऱ्या नगरात दिवसभर फक्त पाळण्याच्या दोऱ्या करकरत.

जयंतानंतर राणीला रोहिणी झाली. ती चार वर्षांची झाली तेव्हा तिचे गुडघे हनुवटीला टेकू लागले.

"आई," ती म्हणे, "मी पाय लांब करू?"

"नको गं बाळ. आणखी थोडे दिवस."

एके दिवशी राजवैद्याने तिच्या तळव्याला सुई टोचली. रोहिणी हसतच राहिली. तिला काही कळलेच नव्हते. वैद्य खाली मान घालून म्हणाला, "राणीसाहेब, आणखी एक वर्ष असेच गेले तर ही पोर कधी उभी राहणार नाही."

त्याच दिवशी राणी एकटी दक्षिणेच्या रानात गेली. त्या रानात जायला राजाने सर्वांना मनाई केली होती. तिथे एका कोरड्या विहिरीत शाप जाणणारी असिता नावाची मांत्रिकीण राहात असे. तिच्या खांद्यावर एक थोरला धनेश पक्षी बसला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या जागी खाचा होत्या.

राणीने हात जोडले. "हा शाप कोणाचा?"

"माझा," धनेश म्हणाला.

"माझ्या लेकरांनी तुझे काय केले होते?"

"तुझ्या लेकरांनी काही केले नाही. माझ्या पिल्लांनीही कोणाचे काही केले नव्हते."

मग त्याने सांगितले. धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते, आणि आतून चिखलाने दार लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. नर बाहेरून फळे आणतो आणि फटीतून भरवतो. असे ती आत बसलेली असताना, पिल्ले अंड्यांतून बाहेर आलेली असताना, राजाने ते झाड पाडले. त्याला राजपुत्राच्या पलंगासाठी तेच लाकूड हवे होते.

"मी चोचीने लाकूडतोड्यांची डोकी फोडली," धनेश म्हणाला. "त्यांनी मला दगड मारले. मग मी या मांत्रिकिणीला माझे डोळे दिले आणि शाप विकत घेतला. माझी पिल्ले घरट्याबाहेर येऊ शकली नाहीत. राजाच्या राज्यातलीही येणार नाहीत."

राणी खाली बसली. म्हणाली, "मला ठाऊक नव्हते."

"राजाला ठाऊक होते."

असिता पुढे झाली. "डोळे मी गिळले, ते परत देता येत नाहीत. शाप मात्र सोडवता येतो. त्याला तीन कामे आहेत. एक, त्या पलंगात जे उरले आहे ते याला आणून दे. दोन, राजाने काय केले ते त्याने स्वतः, भर चौकात, ज्यांची मुले गेली त्यांच्यासमोर सांगावे. तीन, तुझी मुलगी त्याच पलंगावर निजव. मध्यान्हापासून सूर्यास्तापर्यंत. तू उंबऱ्यावर बस. ती उतरून आली तर बोट धरून परत नेऊन सोड. उचलायचे नाही, बोलायचे नाही. आणि एकदा निजली, की काही झाले तरी उठवायचे नाही."

"आणि ती उठलीच नाही तर?"

"तर नाही उठली," असिता म्हणाली. "धनेशाची मादी वेळ आली की आधी आपण बाहेर पडते. पिल्लू मागून आपले आपण दार फोडते. तुला तेवढेच करायचे आहे."

जयंत गेला त्या दिवसापासून पलंग राजवाड्याच्या तळघरात होता. त्याच्याकडे जो पाही त्याला गुंगी येई, आणि जो तिथे झोपे त्याला ओढून बाहेर काढावे लागे. राणीने डोळ्यांत तिखट चोळले आणि कुऱ्हाड घेऊन खाली उतरली. डोळ्यांची आग होत होती तोवर ती जागी होती. तिने उशाकडचा सोन्याचा पत्रा उचकटला. मागे लाकडात पोकळी होती, चिखलाने लिंपलेली. चिखल फोडला. आत एक मोठी चोच होती, झिजून बोथट झालेली. तिच्याखाली पंखांची हाडे, आणि पंखांखाली दोन इवल्या कवट्या. राणीने सारे पदरात घेतले आणि रानात नेऊन धनेशापुढे ठेवले. त्याने चोचीने एकेक हाड चाचपले.

मग राणी राजाकडे गेली. उग्रध्वजाने सारे ऐकले आणि तोंड फिरवले.

"राजा रयतेपुढे असे बोलत नसतो."

"मग मी बोलते, महाराज. पण माझ्या बोलण्याने शाप सुटत नाही."

"लोक मला ठार मारतील."

"मारतील कदाचित," राणी म्हणाली. तिने पाळण्यातून रोहिणीला उचलून त्याच्यासमोर जमिनीवर उभे केले आणि हात सोडला. पोर जागच्या जागी कोसळली. कोसळून बापाकडे बघत राहिली. राजाने मुकुट काढून आसनावर ठेवला आणि तो बाहेर पडला.

चौकात माणूस मावत नव्हते. राजा दगडी ओट्यावर उभा राहिला. "सुताराने फळी कापायला घेतली तेव्हा आतून ठोके ऐकू आले," तो म्हणाला. "चोचीचे ठोके. सुताराने करवत थांबवली. म्हणाला, महाराज, आत जीव आहे. मी म्हणालो, वाढदिवस तोंडावर आला आहे. चिखल खरवडू नकोस, वरून पत्रा ठोक. त्याने ठोकला. दोन दिवस ठोके ऐकू येत होते. मग थांबले."

कोणी ओरडले नाही, दगडही आला नाही. गर्दीतून भागू कुंभारीण पुढे आली. तिचा मुलगा आठ वर्षांपूर्वी गेला होता.

"माझा तुका गेला तेव्हा मी तुमच्या दारात आले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, दैव."

"म्हणालो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होते?"

"तेव्हा संशय होता. नंतर खात्री झाली."

भागूने त्याच्याकडे पाहिले आणि पाठ फिरवली. तिच्यामागून एकेक जण पाठ फिरवत गेला. शेवटी चौकात राजा एकटा उरला.

दुसऱ्या दिवशी मध्यान्ही पलंग वर आणला. आता त्याची गुंगी उतरली होती, लाकूड नुसते लाकूड दिसत होते. राणीने रोहिणीला त्यावर ठेवले आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

रोहिणीने आधी पाय लांब केले. इतकी जागा पाहून ती हसली. मग आई दूर बसलेली दिसली, आणि ती रडू लागली. पलंगाची कड धरून उतरली, रांगत रांगत उंबऱ्याशी आली. राणीने तिला बोटाला धरून, पडत धडपडत, परत नेले.

दुसऱ्या वेळी ती आली आणि राणीच्या मांडीवर डोके ठेवून म्हणाली, "आई, मी काय केलं? बोल ना माझ्याशी." राणीने दातांखाली ओठ धरला. ओठातून रक्त आले. तिने पोरीला परत नेले.

तिसऱ्या वेळी रोहिणी रागाने आली आणि आईच्या हाताला कडकडून चावली. परत नेताना मात्र तिने दोनदा तोल सावरला आणि चार पावले आपल्या पायांनी टाकली. पलंगावर चढली, भिंतीकडे तोंड केले. हुंदके हळूहळू विरले. ती निजली.

ऊन कलले तसा तिचा श्वास मंदावला. मग थांबला. ओठ निळे पडले. राणीला उंबऱ्यावरून सारे दिसत होते. जयंताचे ओठ असेच झाले होते.

राजा धावत आला. "उठव तिला! केतकी, उठव!"

तो आत शिरू लागला. राणीने दोन्ही हातांनी चौकट धरून दार अडवले. त्याने तिला ढकलले, तिच्या हातांवर मुठी मारल्या, शेवटी तो तिच्या पायांशी बसून मुलासारखा रडू लागला. राणीने चौकट सोडली नाही. तिने डोळे मिटले नाहीत, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

सूर्य बुडाला.

पलंगावर काहीतरी हलले. रोहिणीने कूस बदलली, तोंडाने फुर्र असा मोठा श्वास सोडला आणि ती घोरू लागली. घटकाभराने उठली. खाली उतरली आणि म्हणाली, "मला भूक लागली."

तेव्हा राणी पहिल्यांदा मोठ्याने रडली.

राजा पहाटेच अनवाणी रानाकडे गेला, तो परतला नाही. मेलेली मुलेही परतली नाहीत. काहींच्या पाठी सरळ झाल्या, काहींच्या कधीच झाल्या नाहीत. राज्य राणीने चालवले.

पण पहिल्या दिवशी कोणीच पाळणा काढला नाही. शाप सुटला हे ऐकले सर्वांनी, धीर कोणाला होईना. दुपारी भागू कुंभारीण राजवाड्यात आली.

"राणीसाहेब, तुमची उठली. माझी धाकटी पाच वर्षांची आहे. आज तिला घोंगडीवर निजवते म्हणते. पण माझ्याने एकटीने उंबऱ्यावर बसवणार नाही. मी धावत जाईन, तिला उचलीन."

राणी उठली. चावलेल्या हाताला पट्टी होती, ओठ सुजलेला होता. ती कुंभारवाड्यात गेली आणि भागूच्या शेजारी, तिचा हात घट्ट धरून, उंबऱ्यावर बसली. दुसऱ्या दिवशी कोष्ट्याच्या घरी बसली. असे करत वर्षभर ती राज्यातल्या दारोदारी उंबऱ्यांवर बसली. ज्या घरी ती बसून उठली, त्या घरी पाळणा माळ्यावर गेला, आणि पोर अंगणात गेले.