नवव्या घटिकेची हाक

एकदा एक पन्नाशीला पोहोचलेला शिष्य आपल्या वृद्ध गुरूंच्या दारी आला, तेव्हा त्याच्या खिशात एक घडी घातलेला कागद होता. त्याचं नाव पद्माकर. एकतीस वर्षांपूर्वी तो याच दारातून खाली मान घालून बाहेर पडला होता आणि त्यानंतर या गावाकडे फिरकला नव्हता.

कागद शहरातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांचा होता. पद्माकरला एडीएचडी आहे, लक्ष हवं तिथे टिकवून धरण्याची मेंदूची रीतच त्याच्यात जन्मापासून वेगळी आहे, असं त्यात लिहिलं होतं. हल्ली अशा कागदांना हसणारे पुष्कळ भेटतात. आमच्या वेळी नव्हती बुवा ही थेरं, असं म्हणून ते मोकळे होतात. त्यांच्या वेळीही ही माणसं होतीच. फक्त त्यांना वेंधळा, चुकार, बेजबाबदार अशी नावं होती. पद्माकरने ती सगळी नावं वापरून झिजवली होती. सात नोकऱ्या सुटल्या. गॅसवर ठेवलेलं दूध किती वेळा जळलं याची गणती नाही. मुलीच्या शाळेच्या संमेलनाला तो पोहोचला तेव्हा शिपाई खुर्च्या आवरत होता. निदान झालं त्या दिवशी त्याला हलकं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र जे रडू सुरू झालं ते काही केल्या थांबेना. हे असं होतं, तर मग आपण इतकी वर्षं स्वतःला शिव्या घालण्यात का घालवली, हा प्रश्न त्याला सोडत नव्हता. आणि त्या सगळ्या शिव्यांच्या मुळाशी या घरात ऐकलेलं एक वाक्य होतं.

गुरुजींची कन्या कुमुद हिचं लग्न होतं तेव्हाची ती गोष्ट. या घरात मुहूर्त भिंतीवरच्या घड्याळाने धरत नसत. तांब्याची एक वाटी, तिच्या तळाला सुईएवढं छिद्र. सूर्योदयाला ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. चोवीस मिनिटांनी ती भरून बुडते. ती एक घटिका. बुडाली की उपसायची, भिंतीवर कुंकवाचं बोट ओढायचं आणि पुन्हा सोडायची. मुहूर्त नवव्या घटिकेचा होता. नववी वाटी बुडाली की 'घटिका भरली' अशी हाक द्यायची आणि अंतरपाट दूर व्हायचा. हा मान गुरुजींनी आपल्या लाडक्या शिष्याला, एकोणीस वर्षांच्या पद्माकरला दिला होता.

आठ बोटं त्याने चोख ओढली. नववी वाटी सोडली आणि त्याची नजर शेजारी बसलेल्या सनईवाल्याकडे गेली. सनईवाला आपल्या वाद्याची पत्ती दोऱ्याने नव्याने बांधत होता. ते बोटांचं कसब पाहता पाहता पद्माकरला मांडव, घंगाळ, वाटी कशाचंच भान उरलं नाही. मंगलाष्टकं लांबत गेली, अक्षता लोकांच्या मुठीत भिजल्या, हात भरून आले. हाक काही येईना. शेवटी कुणीतरी जाऊन पाहिलं तेव्हा वाटी तळाशी पडली होती. किती वेळ पडली होती, देव जाणे. मुहूर्त टळला. साऱ्या मांडवासमोर गुरुजी त्याला म्हणाले, "तुला कुणाचं काही वाटत नाही."

पुढे तिसऱ्या वर्षी कुमुदचा नवरा पाय घसरून विहिरीत पडला आणि गेला. ती माहेरी परतली. मुहूर्त टळला त्याचं हे फळ, असं गाव बोललं आणि ते पद्माकरच्या कानावर गेलं.

आज त्याने कागद गुरुजींसमोर ठेवला. "गुरुजी, मला कुमुदताईचं वाटत होतं," तो म्हणाला. "फार वाटत होतं. तुम्ही तेवढा एक शब्द मागे घ्या. दुसरं काही मागायला आलो नाही."

गुरुजींची नव्वदी जवळ आली होती. त्यांनी कागद डोळ्यांशी नेऊन सावकाश वाचला, घडी घातली आणि बाजूला ठेवला. मग आत पाहून म्हणाले, "कुमुद, घंगाळ भरून आण. आणि ती वाटी."

कुमुदने दोन्ही ओसरीवर आणून ठेवलं. गुरुजींनी वाटी पाण्यावर सोडली. "बस," ते म्हणाले. "बुडाली की सांग."

पद्माकरचा चेहरा पडला. एवढं सांगून, कागद दाखवूनही पुन्हा परीक्षाच! उठून निघून जावं असं त्याच्या मनात आलं. पण गुरूंची आज्ञा मोडण्याचं बळ त्याच्यात एकोणिसाव्या वर्षीही नव्हतं आणि आजही नव्हतं. तो बसला. सकाळची गोळी घेतलेली होती. गोळीने डोक्यातला गलबला उतरतो, पण माणूस बदलत नाही, हे त्याला आता ठाऊक झालं होतं. त्याने डोळे वाटीवर रोवले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग तुळईवर एक कुंभारीण माशी चिखलाची गोळी घेऊन आली. ती गोळी थापायची, उडून जायची, पुन्हा नवी आणायची. मातीचं घर कडेकडेने वाढत होतं. पद्माकर ते पाहू लागला आणि पाहतच राहिला.

खांद्यावर हात पडला. "पद्माकर," गुरुजी हळूच म्हणाले, "बुडतेय बघ."

तो दचकून वळला. वाटीची कड पाण्याला टेकत होती. त्याच्या डोळ्यांदेखत ती खाली गेली. "घटिका भरली," तो पुटपुटला आणि शरमेने त्याला मान वर करवेना.

"वर बघ," गुरुजी म्हणाले. "हे तुझी परीक्षा घ्यायला नव्हतं. एवढी एक हाक पुरत होती, हे मला एकदा पाहायचं होतं. त्या दिवशी माझ्या कनवटीला घड्याळ होतं. वेळ भरत आली हे मला दिसत होतं, तू सनईवाल्यापाशी रमलेला आहेस हेही दिसत होतं. दहा पावलं चालून तुझ्या खांद्याला हात लावायचा होता, बस. मी म्हटलं, नाही, चुकू दे. चारचौघांत फजिती झाली की कायमचा शहाणा होईल. तुला धडा शिकवायला मी माझ्या लेकीचा मुहूर्त घालवला, आणि वर म्हणालो, तुला कुणाचं काही वाटत नाही. तो शब्द माझा होता, मलाच लागू होता. तो मी मागे घेतो. एकतीस वर्षं मात्र मला मागे घेता येत नाहीत, बाळा. ती तळाशी गेली."

कुमुद दाराच्या चौकटीत उभी होती. तिचे केस पांढरे झाले होते. "अण्णा," ती म्हणाली, "गाव याला बोल लावत होतं. कधी माझ्या पायगुणाला लावत होतं. तुम्ही ओसरीवर बसून ऐकत होतात."

गुरुजींनी बुडालेली वाटी उपसून पालथी ठेवली. तुळईवर माशीचं काम तेवढं चालू होतं.

पद्माकरला वाटलं होतं, शब्द मागे आला की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. आता ते तिघांत वाटलं गेलं होतं, एवढंच. म्हाताऱ्या गुरूंचा त्याला राग आला आणि त्याच क्षणी त्यांची दयाही आली. त्याने वाकून नमस्कार केला, वहाणा घातल्या आणि अंगण ओलांडलं. फाटकाशी पोहोचला तोच मागून कुमुदचा आवाज आला.

"पद्माकर, कागद राहिला रे."

तो परत फिरला. कागद घेऊन ती अंगणाच्या मध्यापर्यंत आली होती. तिच्या आवाजात राग नव्हता, हसणं नव्हतं, उपदेश नव्हता. कागद राहिला होता, म्हणून तिने हाक मारली होती. पद्माकरने तो दोन्ही हातांनी घेतला आणि जपून खिशात ठेवला.

आपल्या घरातही कुणाची तरी वाटी भरत आलेली असते, आणि घड्याळ पुष्कळदा आपल्याच कनवटीला असतं.